दुकान बंद झालं, गिऱ्हाईक उरलं

कोन, ता. भिवंडी, १३ जुलै २०२५

भाविक,

आशीर्वाद. पाठीत धपाटा घालून देते तसाच हा समज. समोर असतास तर आधी धपाटाच घातला असता.

तुला त्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकात सोडून आलो त्याला आठवडा झाला. तुझा फोन काढून घेतला तेव्हा तू त्या माणसाकडं असं बघितलंस, जसं काय त्यानं तुझ्या हातातनं पोरच ओढून घेतलं. तुझे दाजी गाडीत बसले, पडघा मागं टाकला. मग एकदम बोलले, "कमळ, मेव्हणा दारू प्यायला असता तर लोकांना सांगायला तरी आलं असतं." मी बोलले, गप गाडी चालवा.

पहिला दीड महिना भेट न्हाय, फोन न्हाय, फक्त पत्र. मी त्या अपूर्वा मॅडमला विचारलं, ही कसली रीत? त्या बोलल्या, "कमळताई, दारुड्याला गुत्त्यावर बसवून कोणी बरं करत नाही. ह्याचा गुत्ता ह्याच्या खिशात होता." पटलं मला. म्हणून दहावीच्या परीक्षेनंतर आज पेन धरलंय, अक्षराला हसू नकोस.

आयस गेली तेव्हा तू चड्डीत होतास. माझ्या लग्नात मी तुला बरोबरच घेऊन आले ह्या घरी. लोक बोलायचे, कमळनं आंदण म्हणून भाऊच आणलाय. आणला तर आणला, कोणाच्या ताटातलं खाल्लं? तेव्हापासून तू माझा भाऊ कमी आणि पोरगा जास्ती. म्हणून सांगते ते ऐक. हेमालीचं सोनं गेलं, टेम्पो गेला, त्याचं मला काय न्हाय. पण गेल्या महिन्यात रिक्षावाल्या अनंतानं तुला खाडीच्या पुलावरनं हाताला धरून आणला आणि दारात उभा केला, तेव्हापासून रात्री दारात रिक्षा थांबली की मी उठून बसते. मला तू जिता पाहिजेस. बाकी काय नको.

हेमाली आणि उन्नती, मायलेकी मजेत हाईत. तुझ्या घराला मी रोज झाडू मारते.

लवकर ये.

तुझी ताय

---

केंद्र, २१ जुलै

ताय, नमस्कार.

धपाटा पोचला. बरोबर दोन खांद्यांच्या मधे बसला, जिथे लहानपणी बसायचा.

इथे खोलीत मी सोडून सगळे दारूचे. पहिल्या दिवशी हरीकाकांनी, म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरच्यांनी, विचारलं, "तू काय घेतोस?" मी म्हटलं, काही नाही. "मग हात का कापतायत?" मी सांगितलं तेव्हा बाकीचे हसले. हरीकाका हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या तोंडाला वास तरी येतो. तुझ्या बायकोला कळायचं कसं?"

जेवताना ताटाच्या कडेवर माझा अंगठा आपोआप वर-खाली फिरतो. मी बघतो तेव्हा थांबतो.

मॅडम रोज विचारतात, सुरुवात कशी झाली. काय सांगू? बापसाची जागा गोदामाला दिलेली, भाडं चालत घरी येतं, दिवसभर करायचं काय? म्हणून क्रिकेटची टीम लावायला लागलो. मग रमी. मग ज्यात डोकं लावायचंच नसतं, नुसतं चाक फिरतं, ते. जाहिरातीत सगळी मोठी मोठी माणसं. शेवटी एक बाई श्वास न घेता बोलते ना, "सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा", त्याची मी उन्नतीला नक्कल करून दाखवायचो. नाकातून, एका दमात. ती लोळून हसायची. "पप्पा, परत!"

मॅडमनी घरी कळवायला सांगितलंय ते नीट वाच. मी बाहेर आल्यावर पत्ते नाहीत, लुडो नाही, कॅरमवर चहाची पैजसुद्धा नाही. पैसे असोत की नसोत. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे गणपतीत पत्ते असतातच, देवासमोर. त्या म्हणाल्या, ह्या वर्षी देवाला सांगा, भाविकची तब्येत बरी नाही.

हेमालीला म्हणावं, एक ओळ लिही. शिव्या लिही हवं तर. तिचं अक्षर बघायचंय.

भाविक

---

कोन, ३ ऑगस्ट

भाविक,

पत्र वाचून दाजींना दाखवलं. ते अंगठ्याचं वाचलं आणि उठून मागच्या दारी गेले. श्रावण लागल्यापासनं मासळी बंद, त्यात हे. तोंड एवढंसं झालंय त्यांचं.

हेमालीला लिहायला सवड न्हाय रे. उन्नतीची शाळा, परीक्षा, शिवणाची गिऱ्हाइकं. लिहील.

मला एक सांग, सरकार झोपलंय काय? शाळेजवळ दारूचं दुकान चालत न्हाय. सिगरेटच्या पाकिटावर सडका गळा छापतात. आपल्या नाक्यावर मटका घेणाऱ्या म्हाताऱ्याला पोलीस कॉलर धरून नेतात. आणि हा जुगार मातर उन्नतीच्या कार्टूनच्या मधी येऊन नाचतो! त्याला कॉलर न्हाय का? परवा दाजींचा पुतण्या प्रितेश मला शिकवतो, "काकी, तो स्किलचा गेम असतो, जुगार न्हाय." मी बोलले, तुझं स्किल घे आणि हे कांदे चीर.

एकवीरेला नवस बोलले. भाऊ बरा होऊन आला की तुझ्या पायऱ्या अनवाणी चढेन. माझे गुडघे बघितलेस ना तू? बघ मग, किती मनातनं बोलले असेन.

पत्त्यांचं वाचलं. मॅडम शिकलेल्या हाईत, पण शहरातल्या. गणपतीसमोरचे पत्ते म्हणजे काय जुगार हाय का? ते देवाचं जागरण असतं, बापूसपण खेळायचा. पण त्यांनी सांगितलंय तर मी सांगेन सगळ्यांना. तू तुझी औषधं घे.

लवकर ये.

तुझी ताय

---

केंद्र, १२ ऑगस्ट

ताय,

तू खोटं लिहितेस. हेमालीला सवड नसेल तरी ती रागारागाने चार ओळी खरडेल, मी ओळखतो तिला. गप्प बसणारी बाई नाही ती. ती घरात नाही ना?

तुझ्या खोट्याचा राग नाही. मीही तुला एक खोटं सांगितलंय आणि ते आज खरं करतो, कारण मॅडम म्हणतात की घरच्यांना कळल्याशिवाय उपाय नाही.

त्या पुलावर. मी सगळ्यांना सांगितलं, वारा खायला उभा होतो. तुम्हाला वाटलं, जीव द्यायला. दोन्ही नाही, किंवा दोन्ही. मी तिथे फोनवर मॅच बघत होतो. मनाशी ठरवलं होतं, ही जिंकलो तर घरी जायचं, नाही तर नाही. कळतंय का तुला? उन्नतीचा बाप असायचं की नाही, हे मी कुठल्या तरी अनोळखी बॉलरवर लावलं होतं. अनंताने मला हाताला धरलं तेव्हा एक ओव्हर बाकी होती. त्याने जीव वाचवला म्हणून रडू नाही आलं. राग आला, की ह्याने शेवटची ओव्हर बघू दिली नाही.

हा माणूस तू घरी लवकर बोलावतेयस.

मॅडम म्हणतात दिवाळीपर्यंत राहा. मलाही राहायचंय. म्हणून हात जोडून सांगतो, गणपतीला मला बोलावू नकोस. तू बोलावलंस तर मला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही. तू अंगणातून हाक मारायचीस आणि मी हातातला खेळ टाकून धावायचो. तुझ्या हाकेला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून आधीच सांगतोय.

भाविक

---

कोन, २३ ऑगस्ट

भाविक रे भाविक!

बंद केलं! सरकारनं बंद केलं! तिथं पेपर येतो की न्हाय? संसदेत पास झालं, राष्ट्रपतींची सहीपण झाली. पैसे लावून खेळायचे सगळे खेळ बंद, त्यांच्या जाहिराती बंद. तुझं ते टीमवालं, ते रमीवालं, सगळ्यांनी स्वतःच कुलूप लावलं. प्रितेशनं मला फोन उघडून दाखवला. लिहिलं होतं, पैशाचे खेळ थांबवले हाईत. मी त्या फोनला हात जोडले, देवाशप्पथ. प्रितेशचं तोंड बघायला पाहिजे होतंस, कोणी मयत झाल्यासारखं. दाजींनी आळीत पेढे वाटले. लोक विचारायला लागले, घरात कोणाचं लग्न ठरलं काय!

माझी एकवीरा ऐकते रे. मी एक नवस बोलले, तिनं दिल्ली हलवली.

आता तुझं मागच्या पत्रातलं. वाचून मी दोन दिवस जेवले न्हाय. त्या ओव्हरचं मी कोणाला सांगितलं न्हाय, दाजींनापण न्हाय. पण भाविक, ते सगळं त्या अ‍ॅपमुळं होतं ना? साप मेला, आता काठी धरून किती दिवस बसायचं? दुकानच बंद झालं तर गिऱ्हाईक जाईल कुठं? घरीच येईल.

हेमालीचं तू ओळखलंस. ती जुलैपासनं माहेरी हाय, पडघ्याला. तुझ्या केंद्रापासनं रिक्षाच्या अंतरावर बसलीय आणि तुला एक ओळ लिहीत न्हाय. पण ऐक. मी तिला फोन केला, कायद्याचं सांगितलं. मागं शिवणाचं मशीन चालू होतं, ते तिनं थांबवलं. मग बोलली, "ताई, खरंच बंद झालंय?" मी बोलले, राष्ट्रपतींची सही हाय, आणखी काय पाहिजे? तर बोलली, गौरीला येते, उन्नतीला घेऊन. दीड महिन्यात पहिल्यांदा!

आता तू न्हाय येणार? रिकाम्या घरात येईल ती?

दाजी येत्या मंगळवारी गाडी घेऊन येतात. प्रितेशला हे पत्र घेऊन पाठवलंय, त्याच्याच हाती उत्तर दे.

लवकर ये.

तुझी ताय

---

केंद्र, २४ ऑगस्ट

ताय,

प्रितेश फाटकात उभा आहे, घाईत लिहितो.

मॅडम नको म्हणाल्या. म्हणाल्या, कायदा फार चांगला झाला, पण दुकान बंद होणं वेगळं आणि तहान जाणं वेगळं. मी वाद घातला. जोरात घातला. म्हटलं, बंद झालंय ना सगळं, मग मी इथे कसली शिक्षा भोगतोय? हरीकाका नंतर म्हणाले, "अगदी असाच वाद मी पगाराच्या दिवशी घालायचो." मी त्यांच्याशी बोलायचं सोडलंय.

उन्नती नक्की येणार ना? तिची उंची वाढली का?

मग मी येतो. पाठव दाजींना. स्वतःच्या जबाबदारीवर जातोय अशी सही काय ती मी करीन. मला खूप बरं वाटतंय ताय, खरंच. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पत्त्यांचं तेवढं बघ.

भाविक

---

निजामपुरा, भिवंडी, १४ सप्टेंबर

ताय,

जिवंत आहे. आधी एवढंच वाच, दाजींना सांग, मग पुढचं वाच.

घरातून न सांगता निघालो त्याला पंधरवडा होत आला. इथे एका लूमच्या, यंत्रमागाच्या गाळ्यात काम धरलंय. आपल्या आळीत कोणाला सांगू नकोस, गोदामाचा मालक लूमवर तुटका धागा जोडतो म्हणून हसतील. मुद्दाम हे काम धरलं. दोन्ही हात गुंतलेले राहतात आणि आवाज इतका की स्वतःच्या मनातलं ऐकू येत नाही. फोन ठेवत नाही. शिफ्ट संपली की गाळ्यातच झोपतो. बाकी सगळे यूपीचे. "भाई, खाना खा लिया?" एवढंच विचारतात, जास्त नाही.

काय झालं ते तुला तुकड्या-तुकड्यांत माहीत आहे. मी सलग सांगतो.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तुळशीराम मामांनी गणपतीसमोर चटई टाकली, पत्ते काढले. मी ओटीवर लांब बसलो होतो, उन्नतीसाठी दूर्वा निवडत. मामा ओरडले, "ये की रे भाविक! सरकारनं तुझा आजार बंद केला ना आता?" सगळे हसले. मीही हसलो. दाजी म्हणाले, हे कुठे ऑनलाइन आहे, हे तर देवासमोरचं. मी तुझ्याकडे बघितलं. तू मोदकाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होतीस. तू म्हणालीस, "बस रे चार डाव, मामा किती वर्षांनी आलेत."

बसलो. पहिलं पान उचललं आणि आरतीची कॅसेट, पोरांचा गोंगाट, सगळं बंद झालं. इतकी शांतता त्या केंद्रात एकदाही मिळाली नव्हती. चिल्लरच होती ताय, दहा-दहाच्या नोटा. पण मी जिंकलो. हरलो असतो तर कदाचित वाचलो असतो.

मग गौरीचा दिवस. हेमाली आली. माझ्याशी बोलली नाही, पण ताटात माझ्यासाठी भाकरी घडी करून ठेवली, मला आवडते तशी. संध्याकाळी बायका नाचायला उभ्या राहिल्या तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि स्वतःचा फोन पुढे केला. "उन्नतीची फुगडी काढा." एवढंच. तिने तो फोन माझ्या हातात देण्याआधी मनाशी किती भांडली असेल, ते मला तिच्या हातावरून कळलं. घामाने ओला होता फोन.

दुकानं बंद झालीत, ते खरं आहे. मोठी, पाटीवाली सगळी बंद झालीत. पण प्रितेशने मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, टेलिग्रामवर लिंक येते, बाहेरच्या देशातली, नाव बदलत राहते. मला ती नुसती बघायची होती. मी विहिरीमागे गेलो.

गाणी संपली. उन्नती शोधत मागे आली, धापा टाकत, गजरा सुटलेला. "पप्पा, काढला माझा फोटो?" मी मान वर न करता म्हटलं, "थांब, शेवटचा." ती थांबली ताय. माझ्या बाजूला उभी राहून ती शेवटचा संपायची वाट बघत थांबली. मग तिच्या आईने येऊन तिला उचलून नेलं.

हेमालीच्या खात्यात शिवणाचं जे काही होतं ते गेलं. पण ती रडली ते त्यासाठी नाही. तिच्या फोनमध्ये गौरीचा एकही फोटो नव्हता.

पत्र पाठवायचं तर गाळ्यासमोरच्या चहावाल्या चाचाच्या पत्त्यावर पाठव, खाली लिहिलाय. शोधायला येऊ नका. आलात तर मी इथूनही जाईन.

भाविक

---

कोन, २६ सप्टेंबर

भाविक,

जिता हाईस. बस.

तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग प्रितेशला. दाजींनी त्याच्या कानाखाली लावली आणि त्याचा फोन पाण्याच्या टाकीत टाकला. चार दिवसांत त्याच्या हातात नवीन फोन. त्याची आई बोलते, नोकरी शोधायला फोन लागतो.

मग मी मामांना शिव्या घातल्या, दाजींना घातल्या, सरकारला घातल्या. सगळ्यांना घालून झाल्या आणि मग कोणी उरलं न्हाय, मीच उरले. "बस रे चार डाव." माझ्याच तोंडातनं गेलं ते. तू दोनदा लिहून सांगितलं होतंस आणि मला वाटलं, दिल्लीची सही मॅडमच्या शब्दापेक्षा मोठी. पाव्हण्यांसमोर घर उदास दिसू नये म्हणून मी तुला परत त्यात लोटला. आता मी कोणत्या तोंडानं एकवीरेच्या पायऱ्या चढू?

मी केंद्रात जाऊन आले. अपूर्वा मॅडम रागावल्या न्हाय, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर बाकड्यावर आई-बाप बसलेले, एकेकाच्या बाजूला पोरगा, सगळ्यांचे अंगठे चाललेले. मॅडम बोलल्या, "कायदा झाल्यापासून रोज येतात. घरात लपून बसलेलं सगळं आता बाहेर आलं. कायदा हवाच होता, कमळताई. पण कायद्याबरोबर खाटा नाही आल्या." तुझी खाट दुसऱ्याला दिली. नाव लिहून घेतलं, दिवाळीनंतर बघू बोलल्या.

हेमालीकडंपण गेले. तिनं चहा दिला. वकिलाशी बोलतेय बोलली. मी बोलले, आजार हाय गं तो. तर बोलली, "ताई, आजार आहे हे मला तुमच्या आधी कळलं होतं. पण माझी पोर तिथे उभी राहून वाट बघत होती ना, ते मला विसरता येत नाही." मी कप विसळून ठेवला आणि उठून आले.

आणि एक सांगते, चिडू नकोस. मी निजामपुऱ्यात आले होते. शोधायला न्हाय, नुसती बघायला. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, हातात डबा, वालाचं बिरडं केलं होतं तुझ्या आवडीचं. दार उघडं होतं गाळ्याचं. तुझी पाठ दिसली. केसांत कापूस भरलेला, पांढरा झालास की काय वाटलं. बरगड्या मोजता आल्या असत्या. ओठावर हाक आली होती रे. गिळली. डबा चाचाकडं ठेवून आले, तू कोणाचा म्हणून खाल्लास ते तुलाच ठाऊक.

दिवाळीत भाऊबीज हाय. एक दिवस. कोणी पाव्हणे न्हाय, फोन सगळे मी पेटीत कुलूप लावून ठेवीन. माझ्या हातचं खा आणि जा परत.

लवकर ये.

तुझी ताय

---

निजामपुरा, १५ ऑक्टोबर

ताय,

डबा तुझा होता ते पहिल्या घासाला कळलं. धुऊन चाचाकडे ठेवलाय.

मी सुधारतोय असं तुला वाटू नये म्हणून लिहितो. माझ्याकडे फोन नाही, पण शेजारच्या लूमवरच्या पोराकडे आहे. चहाच्या सुट्टीत तो तीच लिंक उघडतो. मी नुसता बघायचो. मग म्हटलं, लालवर लाव. मग आठवड्याचा पगार त्याच्या हातात दिला, म्हटलं माझ्या वतीने तू खेळ. अंगठासुद्धा माझा नाही, तरी मी खेळतोय. तो पोरगा आधी हौसेने खेळायचा. आता माझ्यासारखा गप्प झालाय. ते पाप माझं.

कायद्याला शिव्या घालू नकोस. तो बरोबर आहे. जाहिराती गेल्या, मोठी दुकानं गेली, उन्नतीच्या वर्गातली पोरं कदाचित ह्यात पडणारच नाहीत. विहिरीला कठडा बांधला हे चांगलंच झालं. आम्ही आधीच आत पडलोय एवढंच.

खाट मिळाली तर मी मॅडमकडे जाईन. मिळेपर्यंत टिकेन की नाही, माहीत नाही. खोटं आश्वासन देत नाही, इतकी वर्षं तेच दिलं. पुलाकडे जात नाही. त्या बाजूची, कल्याणच्या दिशेची रिक्षासुद्धा पकडत नाही, एवढं करतो.

एक मागतो. भाऊबीजेला बोलावू नकोस. तू बोलावलंस की मला वाटतं, मी बरा झालोय, माझी कोणी वाट बघतंय, आता चालेल. त्या हलकेपणातच मी परत पडतो. तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी "लवकर ये" असतं. ते वाचलं की शिफ्ट संपल्यावर माझे पाय कोनच्या रस्त्याला लागतात. दोनदा अर्ध्यातून मागे फिरलोय. तिसऱ्यांदा फिरेन असं नाही. आणि पोचलो तर तुझ्या पेटीचं कुलूप मी उघडेन ताय. तू झोपलीस की उघडेन. मला माहीत आहे, तू किल्ली कुठे ठेवतेस.

तुझ्या हाकेला माझ्याकडे उत्तर नाही, हे मी आधी सांगितलं होतं. म्हणून हाकच मारू नकोस.

भाविक

---

कोन, २४ ऑक्टोबर

भाविक,

काल भाऊबीज झाली.

हेमालीनं उन्नतीला एक दिवस माझ्याकडं पाठवली. ती बाई माणूस म्हणून मोठीच हाय. उन्नती तुझं विचारत न्हाय. सकाळी टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, तर तिनं नाक दाबलं आणि एका दमात बोलायला लागली, "सवय लागू शकते, जबाबदारीनं..." आणि मधीच थांबली. माझ्याकडं बघितलं. मग उठून रांगोळीचे डबे काढायला गेली. मी पदर तोंडात कोंबला.

पाट मांडला होता मी. सवयीनं मांडला. करंज्या, निरांजन, तुझा जुना टॉवेल घडी करून. दारात रिक्षा थांबली की उठायचे. अनंताचीच असायची, दुसऱ्या कोणाला सोडायला आलेली. संध्याकाळी दाजी बोलले, "भाऊ आला न्हाय तर चंद्राला ओवाळतात, कमळ. आत किती वेळ ताट धरून बसशील?" म्हणून अंगणात गेले. नखाएवढा चंद्र, तोपण गोदामांच्या पत्र्यांमागं चाललेला. त्याला ओवाळलं. ज्या अंगणातनं तुला हाक मारायचे तिथंच उभी होते. सगळी आळी फटाके लावत होती, मी मोठ्यानं हाक मारली असती तरी कोणाला ऐकू गेली नसती. न्हाय मारली.

मॅडमकडं परत गेले होते. खाट अजून न्हाय. दर आठवड्याला जाईन. बाकड्यावर बसेन. त्यांना माझा कंटाळा येऊन तरी देतील.

तू मला एकच कर. दर आठवड्याला एक पोस्टकार्ड टाक. काय लिहू नकोस, कोरं टाक, नुसता पत्ता. तुझ्या अक्षरात माझं नाव दिसलं की मला कळेल, पुलाकडं गेला न्हाय. ज्या आठवड्यात कार्ड येणार न्हाय त्या आठवड्यात मी काय करेन, ते मला विचारू नकोस.

तू हे वाचताना शेवटी बघशील, नेहमीचं लिहिलंय का. आयस मरताना मला बोलली होती, पोराला घराबाहेर ठेवू नकोस. बहिणीनं भावाला जे कधी बोलायचं नसतं, ते मी आज हात धरून स्वतःकडनं लिहून घेतेय. तीन कागद फाडले ह्या एका ओळीसाठी.

भाविक, माझ्या बाळा, येऊ नको.

तुझी ताय